हेक यांचा हिशेब

१९६८ सालच्या सप्टेंबर महिन्यातला ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’चा अंक. पान ५५१८ वर एक शोधनिबंध सुरू होतो. तो संपतो न संपतो तोच ५५२६ वर दुसरा. मग ५५३१, ५५३५, ५५३८, ५५४२ आणि ५५४६. ओळीनं सात निबंध, सातही एकाच विषयावर, आणि सातही ठिकाणी लेखक म्हणून एकच नाव : रिचर्ड एफ. हेक. सोबत ना विद्यार्थी, ना सहकारी, ना विभागप्रमुख. पत्तासुद्धा विद्यापीठाचा नव्हता. डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन गावी हर्क्युलस नावाची एक कंपनी होती. बंदुकीच्या दारूपासून सुरुवात करून ती पुढे रसायनांच्या धंद्यात उतरली होती. हेक तिथे नोकरीला होते.

रसायनशास्त्रात एकट्याच्या नावावर एक निबंध येणं हीच अपूर्वाई. एका अंकात पाठोपाठ सात येणं म्हणजे जवळपास न घडणारी गोष्ट. या सात निबंधांतून आणि नंतरच्या चार-पाच वर्षांतल्या कामातून जी अभिक्रिया आकाराला आली, तिला आज जगभर हेक अभिक्रिया म्हणतात. तिच्यासाठी त्यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळालं. मधल्या काळात मात्र संशोधनाचा निधी आटला म्हणून त्यांनी १९८९ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या आसपास, विद्यापीठातून निवृत्ती घेतली होती आणि प्रयोगशाळा कायमची सोडली होती.

आज कुठल्याही संशोधकाची ओळख दोन-तीन आकड्यांत करून दिली जाते : निबंध किती, सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांत आलेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती. नेमणूक, बढती, निधी, पुरस्कार सगळं त्यावर तोललं जातं. हे आकडे नेमकं काय सांगतात आणि कधी सांगतात, हे तपासायला हेक यांच्यासारखं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

संक्रमण धातूंवर काहीतरी कर

हेक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३१ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा. ते आठ वर्षांचे असताना कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं. नव्या घराभोवतीची जमीन उजाड होती. पोरानं तिथे बाग करायला घेतली, ऑर्किड वाढवली, आणि फुलांना रंग कुठून येतो, खतात काय असतं, या चौकशीतून रसायनशास्त्राच्या वाटेला लागला. लॉस एंजेलिसच्याच कॅलिफोर्निया विद्यापीठात सॉल विन्स्टाइन यांच्या हाताखाली १९५४ मध्ये पीएच.डी., मग झुरिकला व्लादिमीर प्रेलॉग यांच्याकडे काही काळ काम, आणि तिथून परतल्यावर हर्क्युलस. कंपनीत वरिष्ठांनी सांगितलं ते इतकंच : संक्रमण धातूंवर काहीतरी कर. कोबाल्ट, निकेल, ऱ्होडियम, पॅलॅडियम हे त्या गोतावळ्यातले धातू.

कार्बन आणि धातू यांचा थेट बंध ज्या संयुगांत असतो त्यांच्या अभ्यासाला ऑर्गनोमेटॅलिक रसायनशास्त्र म्हणतात. डॉक्टर हातापायांच्या मुंग्यांवर मिथाइलकोबालामिनच्या ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांतही असा एक बंध असतो, कोबाल्ट आणि कार्बनचा. हे शास्त्र तसं जुनं. एडवर्ड फ्रँकलंड यांनी जस्ताचं असं संयुग १८४९ मध्ये बनवलं आणि व्हिक्टर ग्रिन्यार यांना मॅग्नेशियमच्या संयुगांसाठी १९१२ मध्ये नोबेल मिळालं. पण त्याला खरी उधाणाची भरती आली ती १९५१ नंतर, फेरोसिनमुळे. लोखंडाचा एक अणू, त्याच्या वर आणि खाली कार्बनची पाच-पाच अणूंची कडी, अशी ती चमत्कारिक रचना. ती उलगडणाऱ्यांपैकी जेफ्री विल्किन्सन आणि एर्न्स्ट ओटो फिशर यांना पुढे १९७३ चं नोबेल मिळालं. १९६३ मध्ये या विषयाला वाहिलेलं स्वतंत्र नियतकालिक निघालं. हेक या क्षेत्रात आले ते असे ऐन बहरात.

हर्क्युलसमध्ये त्यांनी डेव्हिड ब्रेसलो यांच्यासोबत एका कोबाल्ट अभिक्रियेचा उलगडा केला. अल्कीन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन एकत्र येऊन अल्डिहाइड तयार होतं. कारखान्यांत ते टनांनी होत होतं, पण धातूच्या भोवती पायरीपायरीनं काय घडतं ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं. हेक आणि ब्रेसलो यांनी ती साखळी मांडली आणि आजही पाठ्यपुस्तकांत जवळपास तीच छापली जाते. धातूला काय मिळालं यापेक्षा धातूनं कोणत्या क्रमानं काय केलं हे विचारायची सवय त्यांना इथे लागली. पुढचं सगळं काम त्या सवयीतून निघालं.

पॅलॅडियम काय करतं

सेंद्रिय रसायनशास्त्राचा रोजचा पेच असा : एका रेणूतला कार्बन दुसऱ्या रेणूतल्या कार्बनला जोडायचा, तोही ठरलेल्या जागी. बेंझीनच्या कड्यावरचा कार्बन याबाबतीत फार आडमुठा. त्याच्यावर आयोडिन बसवलेलं असलं तरी नेहमीच्या युक्त्यांना तो दाद देत नाही.

पॅलॅडियम इथे मध्ये शिरतं, अगदी शब्दशः. कडं आणि आयोडिन यांच्या मधल्या बंधात त्याचा अणू घुसतो. आता कडं एका हाताला, आयोडिन दुसऱ्या. मग दुहेरी बंध असलेला दुसरा रेणू, म्हणजे अल्कीन, येऊन धातूला लगटतो. कडं धातूवरून उठून त्या अल्कीनवर जाऊन बसतं, आणि अल्कीनवरचा एक हायड्रोजन धातूकडे येतो. नवा कार्बन-कार्बन बंध तयार झालेला असतो. हायड्रोजन आणि आयोडिन मिळून जे आम्ल होतं ते भांड्यातला अल्क उचलून घेतो. पॅलॅडियम मोकळं होतं आणि पुढच्या फेरीला लागतं. त्यामुळे शंभर रेणूंमागे पॅलॅडियमचा एकच अणू पुरतो. इतक्या महाग धातूच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे.

१९६८ च्या सात निबंधांत गोष्ट इथवर पोचली नव्हती. तेव्हा कड्याचा पुरवठा पाऱ्याच्या संयुगातून होत होता, आणि पॅलॅडियम एकदा वापरलं की निकामी होऊन बसे. त्याला पुन्हा कामाला लावायला कॉपर क्लोराइड घालावं लागे. पाऱ्याची ती संयुगं विषारी. कल्पना पक्की होती, पण ती रोज वापरावी असं कुणाला वाटलं नसतं. जपानात मोरितानी आणि फुजिवारा यांनीही १९६७ मध्ये बेंझीन आणि अल्कीन पॅलॅडियमच्या मदतीनं जोडून दाखवलं होतं. म्हणजे वाट एकाहून अधिक जणांना दिसली होती.

१९७१ मध्ये हेक डेलावेअर विद्यापीठात गेले. पुढच्याच वर्षी जे. पी. नॉली या विद्यार्थ्यासोबत त्यांचा निबंध ‘जर्नल ऑफ ऑर्गॅनिक केमिस्ट्री’त आला. पारा गेला. त्याच्या जागी साधं आयोडोबेंझीन आलं, अल्क म्हणून ट्रायब्युटिलअमाइन, पॅलॅडियम अ‍ॅसिटेट फक्त एक टक्का, तापमान शंभर अंश. वेगळं द्रावकसुद्धा नको. रोज कामात घेता येईल अशी पाककृती ती ही. दोन वर्षांनी त्यांनी त्यात ट्रायफेनिलफॉस्फिन हा लिगँड, म्हणजे धातूला चिकटून त्याला कामात ठेवणारा रेणू, घातला आणि आयोडिनऐवजी स्वस्त ब्रोमिनही चालू लागलं.

आज पुण्या-मुंबईच्या कुठल्याही औषध संशोधनाच्या प्रयोगशाळेत डोकावलं तर हा प्रकार रोज दिसेल. राउंड बॉटम फ्लास्कमध्ये सगळं घालायचं, दहा-पंधरा मिनिटं नायट्रोजन बुडबुडवून ऑक्सिजन हाकलायचा, शेवटी चिमूटभर पॅलॅडियम टाकायचं, वर नायट्रोजनचा फुगा लावायचा आणि तापवायचं. नारिंगी-तपकिरी द्रावण हळूहळू गडद होतं. तासातासानं थेंब काढून टीएलसी बघायची, म्हणजे कोणता पदार्थ उरलाय ते ठिपक्यांवरून ताडायचं. सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका अजून जागेवर असताना फ्लास्कच्या काचेवर काळी साय धरली, तर धातू मेला असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा लिगँड घेऊन पुन्हा रिअ‍ॅक्शन लावायची. ठिपका गेला असेल तर सेलाइटमधून गाळायचं, कॉलम टाकायचा. हे करणारी मुलगी एमएस्सी होऊन वर्षभरापूर्वी लागलेली असू शकते. नोंदवहीत ती ‘हेक’ एवढंच लिहिते. संदर्भ म्हणून १९७२ चा निबंध लिहीत नाही, आणि लिहावा अशी कुणाची अपेक्षाही नसते.

मोजदादीचा कारखाना

हेक पाऱ्याशी झगडत होते त्याच सुमारास विल्मिंग्टनपासून तासाभराच्या आत असलेल्या फिलाडेल्फियात एक गृहस्थ वेगळाच उद्योग करत होते. यूजीन गारफील्ड मूळचे रसायनशास्त्राचेच पदवीधर. त्यांची पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची १९६१ ची पीएच.डी. भाषाशास्त्रातली, पण विषय असा की रसायनाचं नाव वाचून त्याचं रेणुसूत्र यंत्राला कसं काढता येईल. संशोधकांना हवा तो निबंध सापडत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. विषयवार सूची अपुरी पडते, कारण सूचीकाराला जो विषय सुचला तो वाचणाऱ्याला सुचेलच असं नाही.

उपाय त्यांना वकिलांकडे सापडला. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्डची सूची निघत होती. एखाद्या खटल्याच्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे त्यात बघायला मिळे. गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं की विज्ञानातही हेच करता येईल. १९६४ मध्ये त्यांची सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आली. १९६१ सालचे अंक चाळून ती केली होती : ६१३ नियतकालिकं, सुमारे १४ लाख उल्लेख, पाच जाडजूड खंड.

हे साधन शोधण्यासाठी होतं. आजही त्याचा तो उपयोग लाखमोलाचा आहे. चंद्रपूरच्या महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकाला हेक आणि नॉली यांचा निबंध मिळाला, की त्याचा आधार घेऊन गेल्या पन्नास वर्षांत जगात कुणी काय केलं त्याचा माग बसल्या जागी काढता येतो. त्यासाठी कुणाशी ओळख लागत नाही. आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. आकडे नव्हते तेव्हाचं जग काही न्यायाचं नव्हतं. मोठ्या विद्यापीठाचा शिक्का, गुरूचं नाव आणि कुणाचा कुणाला फोन, यावर तेव्हा बरंच काही ठरत असे. आकड्यांनी त्या मिरासदारीला थोडा धक्का दिला, हे खरंच.

पण मोजता येतं म्हटल्यावर माणसं मोजू लागतात आणि मोजलं की तुलना आलीच. आधी नियतकालिकांना गुण मिळाले, त्यांच्या अलीकडच्या लेखांना सरासरी किती उल्लेख येतात त्यावरून; तो इम्पॅक्ट फॅक्टर. मग २००५ मध्ये सॅन डिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी माणसांसाठी एच-इंडेक्स सुचवला. तुमच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस उल्लेख असतील तर तुमचा निर्देशांक वीस. सोपं, आटोपशीर, आणि म्हणूनच झपाट्यानं पसरणारं. शोधायच्या साधनाची तोलायची ताकडी झाली ती अशी.

या ताकडीत हेक यांना घालून बघा. एकट्यानं लिहिलेल्या सात निबंधांचं वजन, वीस-वीस लेखक असलेल्या सात निबंधांइतकंच भरेल. १९७२ च्या ज्या एका निबंधानं औषधनिर्मितीची रीत बदलली, तो हजारो वेळा उद्धृत झाला तरी एच-इंडेक्समध्ये त्याची भर एकाचीच. त्याच्या तोडीची दुसरी कल्पना आयुष्यात सुचली नाही तरी चालेल, पण बेताच्या चाळीस कल्पना सुचायला हव्यात, असा या मापाचा कल आहे.

मधली वीस वर्षं

हेक यांच्या कामाकडे सत्तरच्या दशकात कुणी बघितलं नाही असं नाही. ऑर्गनोमेटॅलिकच्या वर्तुळात ते नाव होतं. त्यांनी १९७४ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, १९८५ मध्ये पॅलॅडियमवर दुसरं. १९७५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेनं अल्काइन जोडण्याची पद्धत दिली. त्याच वर्षी जपानचे सोनोगाशिरा यांनी तांब्याची जोड देऊन ती अधिक सोपी केली आणि ती त्यांच्या नावानं रूढ झाली. वर्तुळाबाहेरच्या संश्लेषण करणाऱ्यांना मात्र पॅलॅडियम हा धातुवाल्यांचा विषय वाटे. औषध कंपन्यांच्या रसायनज्ञांच्या हातात अजून जुनी हत्यारं होती आणि ती पुरत होती.

ती पुरेनाशी झाली ती हळूहळू. नव्या औषधांच्या रेणूंत बेंझीनसारखी कडी एकमेकांना जोडलेली दिसू लागली. दरम्यान त्याच धातूच्या आधारे इतर वाटाही तयार झाल्या होत्या. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या एइ-इची नेगिशी यांनी जस्ताची संयुगं वापरली. होक्काइदो विद्यापीठातले अकिरा सुझुकी यांनी नोरिओ मियाउरा यांच्यासोबत १९७९ पासून बोरॉनची. नेगिशी आणि सुझुकी या दोघांनीही वेगवेगळ्या वेळी पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन यांच्याकडे काम केलं होतं. बोरॉनची संयुगं हवेत टिकतात, पाणी चालवून घेतात, फारशी विषारी नसतात, बाटलीत भरून विकता येतात. सुझुकींनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. म्हणून ज्याला हवी त्यानं ती वापरली.

अ‍ॅस्ट्राझेनेका या औषध कंपनीतल्या डीन ब्राउन आणि योनास बोस्ट्रम या दोन शास्त्रज्ञांनी औषध-रसायनज्ञ कोणत्या अभिक्रिया वापरतात याची १९८४ आणि २०१४ या दोन वर्षांची तुलना केली होती. १९८४ मध्ये सुझुकीची अभिक्रिया त्या पंक्तीत नव्हती. २०१४ मध्ये ती आघाडीवर होती. त्या दोन सालांच्या दरम्यान, १९९५ मध्ये, मियाउरा आणि सुझुकी यांचा ‘केमिकल रिव्ह्यूज’मधला आढावा आला. त्याला दहा हजारांहून अधिक उल्लेख मिळाले आहेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्टीफन बुकवाल्ड, जॉन हार्टविग, ग्रेगरी फू यांच्या नव्या लिगँड्समुळे स्वस्त क्लोरिनची संयुगंही पॅलॅडियमला वश झाली आणि या क्षेत्रात निबंधांचा पूर आला.

या तारखा हेक यांच्या चरित्राशेजारी ठेवून बघा. १९८९ मध्ये ते निवृत्त झाले. पूर आला त्यानंतर. आकडे खोटं बोलले नाहीत, पण ते उशिरा बोलले. उल्लेख हे मुळातच इतरांच्या गरजेचं माप आहे. इतरांना गरज कधी पडेल हे शोध लावणाऱ्याच्या हातात नसतं, आणि निधी देणाऱ्या समितीला तेवढं थांबायला वेळ नसतो.

निवृत्तीनंतर हेक फ्लोरिडात राहिले आणि २००६ मध्ये पत्नी सोकोरो यांच्या देशात, फिलिपिन्सच्या केझोन सिटीत स्थायिक झाले. नोबेलची घोषणा झाली ६ ऑक्टोबर २०१० रोजी. नेगिशी, सुझुकी आणि हेक, तिघांना समान वाटा. हेक तेव्हा ७९ वर्षांचे होते आणि त्यांनी संशोधन सोडून एकवीस वर्षं झाली होती. त्यांची अभिक्रिया तोवर कुठे कुठे पोचली होती! नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक बनवण्याच्या एका औद्योगिक पद्धतीत ती आहे. दमेकरी मुलांना आणि सर्दीच्या ॲलर्जीवाल्यांना आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं मॉन्टेलुकास्ट घ्या. मर्क कंपनीनं त्याची जी निर्मितीप्रक्रिया बसवली, तिच्यात एक पायरी हेक अभिक्रियेची आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये हेक यांचं मनिलात निधन झालं.

बक्षीस तिघांनाच देता येतं, या नियमानं काहींना बाहेर ठेवलं, काहींना मृत्यूनं. टिनची संयुगं वापरणारे जॉन स्टिल या यादीत नक्की असते असं अनेक रसायनज्ञ मानतात. १९८९ च्या जुलैत आयोवातल्या सू सिटी इथल्या विमान अपघातात ते गेले. निकेल आणि मॅग्नेशियम यांची जोडी जमवणारे माकोतो कुमादा २००७ मध्ये वारले.

आकडे कुठे फुगतात, कुठे आटतात

ऑर्गनोमेटॅलिक रसायनशास्त्रात नवं संयुग बनवलं की त्याचा स्फटिक वाढवून क्ष-किरणांनी रचना काढायची, हा रिवाज आहे. रचना सोडवायला बहुतेक जण शेल-एक्स नावाची संगणकप्रणाली वापरतात. गॉटिंगेनचे जॉर्ज शेल्ड्रिक यांनी ती घडवली. २००८ च्या जानेवारीत त्यांनी तिचा छोटासा इतिहास लिहिला आणि प्रणाली वापरणाऱ्यांनी हवं तर या लेखाचा संदर्भ द्यावा असं सुचवलं. लोकांनी दिला, हजारोंनी दिला. ज्या ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ए विभागात तो छापला होता, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास असे. २००९ साठी तो ४९.९ झाला. लेख मोजणीच्या कक्षेबाहेर गेला तसा तो परत दोनवर आला. मधल्या काळात नियतकालिक चोवीस पटींनी चांगलं झालं नव्हतं, आणि नंतर बिघडलंही नव्हतं.

शेल्ड्रिक यांचं ऋण खरं होतं, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की साधन पुरवणारा लेख आणि कल्पना देणारा लेख यांना एकच माप लागतं. ‘नेचर’नं २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत शंभर निबंधांची यादी केली. पहिला क्रमांक प्रथिनं मोजण्याच्या एका पद्धतीचा होता, लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध, तीन लाखांवर उल्लेख. शंभरात जागा मिळवायला १२,११९ उल्लेख लागत होते. विज्ञानातले कितीतरी युगप्रवर्तक निबंध त्या यादीच्या आसपासही नव्हते.

आढावालेखांचंही तसंच. नव्या संशोधकाला मूळ सात निबंध शोधत बसण्यापेक्षा एका आढाव्याचा क्रमांक टाकून मोकळं होणं सोयीचं. मूळ कामाचे उल्लेख आढाव्याच्या खात्यात जमा होतात. पुढे तर आढाव्याचीही गरज उरत नाही. कल्पना इतकी मुरते, की तिचा उगम सांगणं अनावश्यक वाटतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी नोंदवून ठेवलंय : ज्ञान सामावून घेतलं जातं तसतसा त्याचा कर्ता पुसला जातो. आवर्तसारणी वापरताना मेंडेलीव्ह यांचा संदर्भ कोण देतं? औषध कंपनीच्या नोंदवहीतलं ‘हेक’ आकड्यांत कुठेच येत नाही, कारण ती नोंदवही छापली जात नाही. छापून आलं तरी आडनाव पुरतं. म्हणजे शोध कमी रुजला असेल तर उल्लेख थोडे, आणि पुरता रुजला तरीही थोडे. जास्तीत जास्त उल्लेख मिळतात ते मधल्या टप्प्यात, लोक त्याच्याशी अजून झटापट करत असतात तेव्हा.

आपल्या दारातली पाटी

हे सगळं अमेरिका-जपानचं म्हणून सोडून देता आलं असतं, पण तेच माप आपल्याकडेही येऊन स्थिरावलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय गुण आणले. निबंधाला इतके गुण, पुस्तकाला तितके. त्या गुणांच्या गरजेतून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं गल्लोगल्ली उगवली, हे महाविद्यालयाच्या कुठल्याही स्टाफरूममध्ये कुणीही सांगेल. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापलेला असण्याची सक्ती आयोगानं २०२२ च्या नियमावलीत काढून टाकली. संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून जाहीर होऊ लागली आणि तिच्यातही निबंध आणि उल्लेखांना वजन आहे.

मग आली ‘टॉप टू पर्सेंट’. स्टॅनफर्डचे जॉन इओआनिदिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ पासून स्कोपस या उल्लेखसूचीच्या माहितीवरून जगातल्या सर्वाधिक उद्धृत शास्त्रज्ञांची यादी द्यायला सुरुवात केली. स्वतःच स्वतःचे दिलेले उल्लेख वगळले तर काय होतं, हेही त्या माहितीत बघता येतं. यादीचा हेतू मापं अधिक काटेकोर करण्याचा होता. आपल्याकडे तिचे फ्लेक्स लागले. महाविद्यालयाच्या कमानीवर फोटो, खाली ‘जगातील पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड’. निवड कुणी केलेली नसते. संगणकानं मोजलेलं असतं. त्या फोटोतल्या प्राध्यापकांनी खरोखर काय शोधलं, ते मात्र फ्लेक्सवर एका ओळीतही नसतं.

इथे दोष माणसांचा कमी आणि सोयीचा जास्त. समितीसमोर दोनशे अर्ज असतात आणि एक दुपार असते. निबंध वाचायला विषय कळावा लागतो, आकडा वाचायला काही लागत नाही. याला जगभर विरोधही झाला आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये आखलेल्या जाहीरनाम्यानं सांगितलं की नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची पारख करू नका. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यानं आकडे तज्ज्ञांच्या निवाड्याला मदत म्हणून वापरा, त्याच्या जागी नको, असं म्हटलं. दोन्ही गोष्टी सर्वांना पटतात. अर्ज मागवताना मात्र रकाना एच-इंडेक्सचाच असतो.

रकाना काढून टाकता आला नाही तर निदान त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने ठेवता येतील. एक : या संशोधकाचे तुम्ही स्वतः वाचलेले तीन निबंध कोणते? दोन : त्यांच्यामुळे आधी न जमणारं काय जमू लागलं? १९७२ नंतर हेक यांच्याबाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं, एकही उल्लेख न मोजता : कड्यावरचा कार्बन आता अल्कीनला जोडता येतो, पारा लागत नाही आणि पॅलॅडियम एक टक्का पुरतं.

एका उल्लेखाची किंमत

टोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्सुतोमु मिझोरोकी नावाचे रसायनज्ञ होते. १९७१ मध्ये, म्हणजे हेक आणि नॉली यांच्या एक वर्ष आधी, त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी आयोडोबेंझीन आणि अल्कीन पॅलॅडियमच्या मदतीनं जोडले होते. द्रावक मिथेनॉल, अल्क पोटॅशियम अ‍ॅसिटेट, तापमान १२० अंश. निबंध जपानच्या रसायनशास्त्र संस्थेच्या बुलेटिनमध्ये आला. मिझोरोकी यांनी तो विषय फार पुढे नेला नाही आणि १९८० मध्ये ते तरुण वयातच वारले. पुढची कित्येक वर्षं ती अभिक्रिया एकट्या हेक यांच्या नावानंच चालली.

मोजदादीच्या नियमानं मिझोरोकी यांचं नाव टिकायचं काही कारण नव्हतं. ते टिकलं, कारण १९७२ च्या निबंधात हेक यांनी ते लिहून ठेवलं. अगदी याच जातीची अभिक्रिया मिझोरोकी यांनी नुकतीच प्रसिद्ध केली आहे, आम्हाला ती स्वतंत्रपणे सापडली आणि आमची रीत प्रयोगशाळेत अधिक सोयीची आहे, अशा आशयाची ती नोंद आहे. अग्रक्रम दुसऱ्याचा आहे हे त्यांनी सांगून टाकलं आणि आपलं काय वेगळं तेही. पुढे ज्यांनी तो निबंध नुसता उद्धृत न करता उघडून वाचला, त्यांना ते नाव भेटत गेलं. आता अनेक पाठ्यपुस्तकं आणि आढावे तिला मिझोरोकी-हेक अभिक्रिया म्हणतात.

सायटेशन इंडेक्समध्ये त्या नोंदीची किंमत एक. शेल-एक्सच्या लेखाला सवयीनं दिलेल्या उल्लेखाचीही एक, आणि मित्राला खूश करायला दिलेल्याचीही एकच. हा फरक मोजता येत नाही, वाचता येतो. हेक यांनी मिझोरोकींचा निबंध वाचला होता. समित्यांनी हेक यांच्यासारख्यांचे वाचावेत, एवढीच अपेक्षा आहे.